तुमची झाली काय तपासणी?

आमच्या शाळेच्या मागच्या बाजूला सकाळचं ऊन छान येतं. हिवाळ्यात मधल्या सुट्टीत सगळी पोरं मैदानात धावत असायची आणि आठवीतली एक मुलगी तेवढी त्या बाजूच्या पायरीवर गुडघे पोटाशी धरून बसलेली असायची. शाळा महानगरपालिकेची, नागपुरातल्या नंदनवनातली. मी तिथं विज्ञान शिकवते. खेळाचा तास घेणारे सर म्हणायचे, ही पोरगी कामचोर आहे, धावायचं म्हटलं की हिचे पाय दुखतात.

एकदा परीक्षेत तिनं पेन खाली ठेवलं, डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरलं आणि आवाज न करता रडायला लागली. मी तिला शिक्षकांच्या खोलीत नेलं, पाणी दिलं, कुठं पडलीस का म्हणून विचारलं.

"पडली नाही मॅडम," ती म्हणाली. "हाडाच्या आतून दुखून राहिलं."

तिचे डोळे मी त्या दिवशी पहिल्यांदा जवळून पाहिले. बुबुळांभोवतीच्या पांढऱ्यावर पिवळसर झाक होती. विदर्भात विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला मनात शंका यायला एवढं पुरतं. आमच्याकडे सिकलसेल हा शब्द आशा ताईंपासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांना माहीत असतो. रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि मग माणूस दुखण्यानं कळवळतो. आई आणि बाप दोघांकडून हा दोष आला तर आजार. एकाकडूनच आला तर माणूस नुसता वाहक. तो धडधाकट असतो, त्याला आयुष्यभर पत्ताही लागत नाही. दोन वाहकांनी लग्न केलं तर मात्र मुलाला आजार होऊ शकतो. हे सगळं मी दरवर्षी फळ्यावर काढून शिकवते.

तिच्या आईला बोलावलं. ती विद्यार्थ्यांच्या एका मेसमध्ये पोळ्या करायची. कामावरूनच आली होती, बांगड्यांना कणीक लागलेली. मी तिला समजावून सांगितलं की बोटातून थेंबभर रक्त घ्यायचं, शंका आली तर मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात मोठी तपासणी, औषध सरकारी दवाखान्यात फुकट. ती शेवटपर्यंत ऐकून घेत होती. मग म्हणाली, "नाही करत."

काहून, असं मी तिच्याच बोलीत विचारलं. तेव्हा तिनं मोठ्या मुलीची गोष्ट सांगितली. गावाकडच्या शाळेत तपासणीचं पथक आलं होतं. काही दिवसांनी निकाल आले आणि ज्यांच्यात काही निघालं त्या पोरांना प्रार्थनेच्या वेळी नावं घेऊन वेगळ्या ओळीत उभं केलं. त्या ओळीत तिची मोठी मुलगी होती. ती वाहक होती, फक्त वाहक, आजारी नव्हती. पण ओळ सगळ्या गावानं पाहिली. पुढं लग्नाचं वय झालं तेव्हा जो पाहुणा यायचा तो आधी गावात चौकशी करायचा आणि चहा न घेताच निघून जायचा. शेवटी एका दोन लेकरांच्या बापाला ती दिली.

"ते ओळ नसती झाली तं माही पोट्टी आज वेगळ्या घरी असती," ती म्हणाली. "आता हिले बी त्याच ओळीत उभं करू काय?"

मी म्हटलं, आपल्या शाळेत असं होणार नाही. ती उठली आणि निघून गेली.

त्याच हिवाळ्यात तो प्रस्ताव आला. सरकारी, महानगरपालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत प्रत्येक मुलाची सिकलसेल तपासणी कायद्यानं सक्तीची करायची, आणि तपासणी झाल्याशिवाय नववीत प्रवेश नाही, असं त्यात होतं. अजून कायदा झाला नव्हता. शिक्षकांची, पालकांची मतं मागवली होती. आमच्या स्टाफरूममध्ये दोन तट पडले. कोणी म्हणे, सक्ती नसेल तर लोक कधीच ऐकणार नाहीत, पोलिओचा डोस काय विचारून पाजला होता का. कोणी म्हणे, डोस पाजला की संपतं, हे तर जन्मभर चिकटणार. मुख्याध्यापिका बाई दोन्हीकडचं ऐकायच्या आणि शेवटी माझ्याकडे पाहायच्या. मतं ऐकायला मोठी सभा भरणार होती, तिथं आमच्या भागातल्या शाळांतर्फे कोणीतरी बोलायचं होतं, आणि विज्ञानाची शिक्षिका मीच.

मी सक्तीच्या बाजूनं होते. पायरीवरची ती मुलगी मला रोज दिसत होती. कायदा असता तर तिच्या आईला विचारावंच लागलं नसतं.

म्हणून मी पुन्हा एकदा तिच्या आईला भेटले, या वेळी मेसच्या मागच्या दारात. मी कायद्याचं सांगितलं. तिनं तव्यावरची पोळी उलटली आणि विचारलं, "तुमची पोट्टी कोन्त्या शाळेत हाय, मॅडम?"

माझी मुलगी धरमपेठेतल्या एका खाजगी शाळेत नववीला होती. रोज सकाळी व्हॅननं जायची. मी तसं सांगितलं.

"मग तिचं रक्त नाही घेत?"

नाही, म्हटलं. प्रस्ताव सरकारी शाळांपुरता आहे.

"म्हंजे रोग बी शाळा पाहून येते," ती म्हणाली.

मला ते लागलं. तिथल्या तिथं मी म्हटलं, आम्ही घरचे सगळे तपासणी करून घेऊ, मी स्वतः आणि माझी मुलगीसुद्धा. मग तर तुम्ही ऐकाल? ती म्हणाली, आधी करा तं खरं.

त्या वेळी मला यात काहीच अवघड वाटलं नव्हतं. आमच्या माहेरी, कुहीला, धान पिकवणारी माणसं, सगळी काटक. आई म्हणायची, तो रोग आपल्या लोकांत नाही, तो त्यांच्यात असतो. 'त्यांच्यात' म्हणजे कोणात हे ती हाताच्या इशाऱ्यानं सांगायची, गावाच्या दुसऱ्या टोकाकडे. मी विज्ञान शिकले, शिकवते, तरी तो इशारा माझ्या डोक्यात कुठंतरी बसलेला असावा.

नवरा बँकेत. ते म्हणाले, तुझ्या हौसेसाठी सुई टोचून घेतो. आम्ही तिघंही गेलो. निकाल घ्यायला मी एकटीच गेले. समुपदेशन करणारी तरुण मुलगी होती, तिनं मला बसायला सांगितलं. नवऱ्याचं रक्त साफ होतं. मी वाहक होते, आणि माझी मुलगीही.

ती समुपदेशक जे सांगत होती ते सगळं मला पाठ होतं. तुम्ही आजारी नाही. मुलगी आजारी नाही. फक्त तिच्या लग्नाच्या वेळी मुलाची तपासणी करायची. मी मान हलवत होते. मग तिनं विचारलं, "तुम्हाला भाऊबहीण आहेत का? त्यांनाही सांगा. त्यांच्यातही असू शकतं."

माझा एकच मोठा भाऊ. त्याच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, दिवाळीच्या आधी झालं होतं. उन्हाळ्यात लग्न होतं.

घरी मुलीला सांगितलं. तिनं पहिला प्रश्न विचारला, मी आजारी आहे का? नाही म्हटल्यावर दुसरा, मग मैत्रिणींना सांगू का? मी उत्तर देण्याआधी तिचे बाबा म्हणाले, "काही गरज नाही." नंतर आम्ही दोघंच असताना ते म्हणाले की यात लपवण्यासारखं काहीच नाही, पण सासूबाईंच्या कानावर नको. ते वाईट बोलले नव्हते. तरी मला वाटलं की आमच्या तीन खोल्यांच्या घरात आता एक चौथी खोली झाली आहे आणि तिला बाहेरून कडी आहे.

रविवारी मी कुहीला गेले. धानाची मळणी चालली होती, अंगणभर कोंडा उडत होता. तिकडं गेलं की माझी भाषा आपोआप बदलते. मी भावाला बाजूला घेतलं आणि सरळ सांगितलं. त्यानं हातातली पेंढ्याची काडी मोडली.

"तुनं काहून केली तपासणी?" त्यानं विचारलं. "कोनी सांगतलं होतं?"

मी म्हटलं, दादा, माह्यात हाय म्हंजे आईकडून नाहीतर बाबाकडून आलं. तुह्यात असू शकते, पोरीत असू शकते. तिची करून घे, आणि पोराकडच्यांनाही सांग.

तो म्हणाला की हे ऐकलं तर ते लोक दारात उभे राहणार नाहीत. साखरपुड्याला गाव जेवलं आहे. मग माझ्या हातावर हात ठेवून तो म्हणाला, "लग्न होऊन जाऊ दे. तोवर तोंड उघडू नको. तुही पोरगी वाहक हाय म्हून कोनाले समजलं, तं लोकं माह्या पोरीचा हिशोब घालतीन. नागपूर काय दूर हाय?"

मी नकार दिला नाही, होकारही दिला नाही. पण त्यानं माझं गप्प राहणं हाच होकार धरला.

भाची मला स्टँडवर सोडायला आली. एसटी लागलेली होती, ड्रायव्हर चहा पीत होता. तिनं विचारलं, "आत्या, तुले काय निघालं?"

तिला तपासणीचं कसं समजलं माहीत नाही. बहुतेक माझ्या मुलीकडून. भावाचा हात अजून माझ्या हातावर असल्यासारखा वाटत होता. मी म्हटलं, "माहं मी सांगते, कारण ते माहं हाय. मी वाहक हाय. तुहं काय ते मले माहीत नाही."

ती फक्त हो म्हणाली. पुढच्याच आठवड्यात कॉलेजच्या कामाचं सांगून नागपूरला आली आणि म्हणाली, चल तपासणीला. तीही वाहक निघाली.

सभा त्यानंतर लगेचच होती. मुख्याध्यापिकांना मी म्हटलं, मला नाही जमणार, दुसऱ्या कोणाला पाठवा. त्या म्हणाल्या, आता नाव वर गेलं आहे. शिवाय तुझ्याइतकं कोणाला सांगता येतं? मला खरं कारण सांगता येत नव्हतं आणि खोटं सुचत नव्हतं. मी गेले.

सभागृह भरलेलं होतं. मंचावर अधिकारी, एक डॉक्टर आणि आम्ही तीनचार शिक्षक. खाली पालक, शहरातले आणि तालुक्यांतून आलेले. तिसऱ्या रांगेत कुहीकडच्या शाळेतले एक गुरुजी बसलेले दिसले. ते भावाच्या ओळखीचे. त्यांनी मला हात केला. मी बोलले. आजार काय, लवकर कळला तर काय करता येतं, पाणी, थंडीपासून जपणूक, औषध. आवाज नीट लागला होता. माझ्याच कानांना ते दुसऱ्या कोणाचं भाषण वाटत होतं. बाहेर पडायची दारं दोन्हीकडे होती आणि दोन्हीकडे माणसं उभी होती.

मग पालकांचे प्रश्न. मागच्या बाजूला एक बाई उभी राहिली. पायरीवर बसणाऱ्या मुलीची आई. तिला माइक दिला तर तिनं तो हनुवटीपासून दूर धरला, म्हणून आवाज तुटक येत होता, पण समजत होता.

"मॅडमनं मले म्हटलं होतं का आमी सगळे घरचे तपासणी करून घेऊ. तुमची झाली काय तपासणी?"

"झाली," मी म्हटलं.

"मग काय निघालं?"

तिच्या विचारण्यात खोच नव्हती. मी शब्द दिला होता आणि ती तो मागत होती, एवढंच. मी खरं बोलले असते तर संध्याकाळपर्यंत ते कुहीला पोचलं असतं; ते गुरुजी तर समोरच होते. खोटं बोलले असते, 'काही नाही निघालं' म्हटलं असतं, तर टाळ्या पडल्या असत्या. ते वाक्य माझ्या जिभेवर आलंही होतं. माझ्या एकटीच्या रक्तात माझी मुलगी, माझा भाऊ, त्याची मुलगी, सगळे बसलेले होते आणि त्यांतल्या कोणालाच मी विचारलेलं नव्हतं.

"ते मी इथं सांगणार नाही," मी म्हटलं.

आधी कुजबुज झाली, मग कोणीतरी हसलं, मग पुष्कळ जण. अधिकाऱ्यांनी माझ्याकडे रागानं पाहिलं. ती बाई हसली नाही. ती म्हणाली, "हेच तं आमी म्हनून रायलो, मॅडम." आणि बसली.

पुढं डॉक्टरांनी सांभाळून घेतलं. मला शेवटी दोन वाक्यं बोलू द्या, असं मी मागितलं. तपासणी व्हावी हे माझं मत तेव्हाही होतं, आजही आहे. पण मी म्हटलं, निकाल फक्त त्या मुलाच्या आईबापाला, बंद खोलीत, आणि तपासणी करायचीच तर सगळ्या शाळांत करा, धरमपेठेतल्याही. कोणी ते लिहून घेतलं की नाही माहीत नाही.

शाळेत काही दिवस मला पाहून बोलणं थांबायचं. न सांगूनही मी सांगून बसले होते. ज्याला हिशोब घालायचा त्यानं घातला. भावाचा फोन आला. गुरुजींनी जे पाहिलं ते त्याला सांगितलं होतं. तो ओरडला नाही. "तू तोंड नाही उघडलं, तरी झालंच," एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला. त्यानंतर त्याचा फोन आला नाही.

पण त्या आठवड्यात शाळा सुटल्यावर त्या मुलीची आई फाटकाशी उभी होती. सोबत मुलगी. आईनं आजूबाजूला पाहून घेतलं आणि म्हणाली, "तुमी तिथं नाही सांगतलं, तवा मले समजलं. हिचं बी कोनाले नाही सांगान, असं वाटते. चला."

मी कोणाला कळू न देता त्या दोघींना तपासणीला घेऊन गेले. निकाल आला तेव्हा आई आणि मी दोघी आत होतो. मुलगी वाहक नव्हती, तिला आजारच होता. आई डॉक्टरांना एकच विचारत होती की आता दुखणं कमी होईल ना. गोळ्या सुरू झाल्या, रोज भरपूर पाणी प्यायचं ठरलं. पुढच्या हिवाळ्यातही ती पायरीवर उन्हात बसायची, पण कधी कधी उठून पोरींमध्ये जायची. माझ्या तासाला तिच्या दप्तराजवळ पाण्याची मोठी बाटली असायची. एका सरांनी तिला सारखं बाहेर जायला मनाई केली तेव्हा मी एवढंच म्हटलं की तिला जाऊ देत जा. का ते सांगितलं नाही. रस्त्यात तिची आई भेटली तर मान हलवते. मुलीची तब्येत विचारायची नाही, हे आमच्यात न बोलता ठरलं आहे.

भाचीनं होणाऱ्या नवऱ्याला स्वतः फोन करून सांगितलं. तो मुलगा भला होता. तो म्हणाला, तुझ्यात असेल तर असू दे, मला तू पसंत आहेस. ती म्हणाली, मग तुमची तपासणी करून घ्या. त्यावर तो म्हणाला की आपण दोघांनी हे कोणालाच सांगायला नको, आणि माझी तपासणी नको. जे माहीत नाही त्याची भीती नाही. तिनं त्याला पुष्कळ समजावलं. तो ऐकेना, ती मानेना. लग्न उन्हाळ्यातून पुढं गेलं, मग आणखी पुढं. कोणी मोडलं असं म्हणत नाही. अंगठी तिच्या बोटात आहे.

ती आता आमच्याकडे राहून बी.एड. करते. माझ्या मुलीच्या खोलीत दोघी झोपतात, अभ्यास करतात. सासूबाई अधूनमधून येतात तेव्हा विचारतात की या मुलीचं लग्न का रखडलं आहे, आणि आम्ही चौघंही वेगवेगळ्या दिशांना पाहतो.

प्रस्तावाचं पुढं काय झालं हे कोणालाच नीट सांगता येत नाही. सध्या शाळेत तपासणी होते, पालकांच्या संमतीनं. काही देतात, बरेच देत नाहीत. मध्येच बातमी येते की सक्ती पुन्हा विचारात आहे, आणि स्टाफरूममध्ये तेच दोन तट पुन्हा पडतात. मी आता कोणत्याच तटात बसत नाही, म्हणून दोन्हीकडचे मला दुसऱ्या बाजूची समजतात.

परवा इतक्या दिवसांनी पहिल्यांदा भावाचा फोन आला. धान कसं आहे, पाऊस कसा झाला, हे बोलून झालं. मग तो म्हणाला, "तिले सांग वं. पोरगा अजून थांबून हाय. तू सांगशील तं आयकीन ते."

मी विचारलं, दादा, तू स्वतःची तपासणी केली का?

"माही कायले?" तो म्हणाला. "मले काय आता लग्न करायचं हाय?"

भाची समोरच बसली होती, पुस्तक उघडं ठेवून. तिला ऐकू येत होतं. मी फोन तिच्यापुढं धरला. तिनं मान हलवून नको म्हटलं. मी भावाला सांगितलं की ती अभ्यास करून राहिली आहे, नंतर बोलेल. तो बरं म्हणाला. पण फोन त्यानंही ठेवला नाही आणि मीही नाही. तिकडून धान कांडायच्या मशीनचा आवाज येत होता.